घटना येण्याआधीचे राज्य

दरसाल १७ सप्टेंबर उजाडला की नांदेडला आणि लातूरला सकाळी झेंडावंदन होते आणि शाळांतून मुक्तिसंग्रामाची भाषणे होतात. १९४८ साली याच दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि मराठवाडा मोकळा झाला, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. इतिहास शिकविणाऱ्याला मात्र ही तारीख आणखी एका कारणाने लक्षात राहते. त्याच्या बरोबर १६१ वर्षे आधी, १७८७ च्या १७ सप्टेंबरला, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी ३९ प्रतिनिधींनी त्या देशाच्या घटनेवर सह्या केल्या. हा निव्वळ योगायोग आहे. त्यात काही दैवी संकेत शोधण्याचे कारण नाही. परंतु या योगायोगामुळे एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. घटना आली म्हणजे राज्य सुरू झाले असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. मग घटना येण्याआधी तेथे काय होते, आणि इथे काय होते? हुकूम कोण काढीत असे, पैसा कोठून येत असे, आणि अन्याय झाला तर माणसाने दाद कोणाकडे मागायची? संपादिकाबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा म्हटले, तेव्हा हाच विषय घ्यावा असे ठरविले.

आधी तिकडचे सांगते, कारण ते थोडक्यात आटोपण्यासारखे आहे.

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७७६ मध्ये इंग्रजांचे राज्य झुगारून दिले. लढाई चालविण्यासाठी त्यांनी आपापले प्रतिनिधी एका काँग्रेसमध्ये पाठविले होते. पण ही काँग्रेस म्हणजे आजच्या अर्थाने सरकार नव्हते. १७७७ च्या नोव्हेंबरात तिने आपसांतील एक करारनामा तयार केला, आणि त्याला तेराव्या राज्याची मान्यता मिळायला १ मार्च १७८१ उजाडला. मेरीलँड हे राज्य तोवर अडून बसले होते. या करारनाम्याप्रमाणे राज्य लहान असो की मोठे, प्रत्येकाला एकच मत. युद्ध, तह, कर्ज अशा मोठ्या बाबींना तेरांपैकी नऊ मते लागत. करारनाम्यात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती हवी. राष्ट्राध्यक्ष नव्हता, मंत्रिमंडळ नव्हते. काँग्रेसचा अध्यक्ष होता, पण तो फक्त सभा चालवीत असे. सुरुवातीला तर लष्कराचे कपडे असोत की परदेशाशी पत्रव्यवहार असो, काम समित्या नेमून चालायचे.

आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. राज्यांच्या जमिनीच्या किमतीच्या प्रमाणात तिने वाटा ठरवायचा आणि मागणीपत्रे पाठवायची. वर्गणी मागणारे सरकार, असे मी वर्गात सांगत असे. ज्या भगिनींनी कोणत्याही मंडळाची खजिनदारी केली आहे, त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. ठराव होताना सगळ्यांचे हात वर असतात आणि पावतीपुस्तक घेऊन दारी गेले की घरचे माणूस गावाला गेलेले असते! १७८१ मध्ये काँग्रेसने परदेशी मालावर शेकडा पाच जकात बसविण्याची परवानगी मागितली. बारा राज्ये राजी झाली, पण ऱ्होड आयलंड या सर्वांत चिमुकल्या राज्याने नकार दिला आणि सगळी योजना बारगळली. पुढे पुन्हा प्रयत्न झाला तेव्हा न्यूयॉर्क आडवे आले. न्यूयॉर्कने तर शेजारच्या न्यू जर्सी आणि कनेक्टिकट या राज्यांतून येणाऱ्या होड्यांवरही कर लावला होता.

१७८३ च्या जूनमध्ये पगार थकलेल्या शिपायांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या सभागृहाला गराडा घातला. काँग्रेसपाशी स्वतःच्या रक्षणासाठी चार माणसे नव्हती. ती प्रिन्स्टनला निघून गेली, तेथून ॲनापोलिस, मग ट्रेंटन, मग न्यूयॉर्क असे बिऱ्हाड हलवीत राहिली. इंग्लंडशी झालेल्या तहावर शिक्कामोर्तब करायचे तर पुरेशी राज्ये हजर होईनात. १७८४ च्या जानेवारीत कशीबशी नऊ राज्ये जमली आणि तह मंजूर झाला. ज्या तहाने देश जन्माला आला त्याची ही कथा!

तरी या काँग्रेसला अगदीच कुचकामी म्हणणे मला पटत नाही. तिच्याच काळात लढाई जिंकली गेली. आणि १७८७ च्या जुलैत तिने वायव्येकडील प्रदेशाचा कायदा केला. नव्या वस्त्या ही जुन्या राज्यांची मिळकत न होता बरोबरीची राज्ये होतील आणि त्या प्रदेशात गुलामगिरी राहणार नाही, असे त्यात ठरले. दुबळ्या हातांनीही कधी कधी चांगले लिखाण होते. आणखी एक गोष्ट आपल्या मंडळात सांगितलीच पाहिजे. त्या काळात न्यू जर्सी राज्याच्या १७७६ च्या घटनेत पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या ‘सर्व रहिवाशांना’ मत होते. त्या शब्दांचा आधार घेऊन विधवा आणि अविवाहित स्त्रिया तेथे मत देत असत. १८०७ मध्ये तो हक्क काढून घेण्यात आला.

थोडक्यात, तेथे संमती भरपूर होती आणि सत्ता नव्हती. आपल्याकडे याच्या नेमके उलटे झाले.

निजामाच्या राज्यात निजामाचे फर्मान हाच कायदा. त्याच्यावर दुसरी सत्ता नाही, आणि प्रजेला विचारण्याची चालही नाही. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आतच तिच्यावर बंदी आली, आणि ती उठायला १९४६ चा जुलै लागला. त्यानंतर जी विधिसभा सरकारने उभी केली तीत हिंदू आणि मुसलमान यांच्या जागा समसमान होत्या, जरी लोकसंख्येत मुसलमान अल्पसंख्य होते. स्टेट काँग्रेसने त्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आपण बाहेरच राहिलो आणि स्वामी रामानंद तीर्थ त्या दिवशी गजाआड गेले. २९ नोव्हेंबरला ‘जैसे थे’ करार झाला खरा, पण त्याने गावांत शांतता आली नाही. लातूरच्या कोर्टात वकिली केलेला कासिम रझवी हा रझाकारांचा पुढारी झाला होता, आणि त्या वर्षभरात खेड्यापाड्यांवर जे गुदरले ते आपल्या घराघरांतून सांगितले जाते. येथे पुन्हा लिहीत नाही.

या वर्षभरात आपल्याकडेही अमेरिकेच्या त्या काँग्रेससारखेच एक मंडळ काम करीत होते. स्टेट काँग्रेसचे पुढारी तुरुंगात गेल्यावर लढा चालविण्यासाठी कृती समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष दिगंबरराव बिंदू, नांदेड जिल्ह्यातलेच. सरहद्दीवर कॅम्प होते, तरुण होते, पण कर वसूल करायचा कोणाकडून? देणग्या मागायच्या, आणि त्या संपल्या की दुसरा मार्ग शोधायचा. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची स्टेट बँक फोडली गेली आणि वीस लाखांवर रक्कम लढ्याकडे आली, ती गोष्ट नांदेड जिल्ह्यात लहान मुलेही सांगतील. असो.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या. १७ ला निजामाने युद्धबंदी पुकारली, १८ ला जनरल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती दिली. येथपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी काय झाले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

१९ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने एक फर्मान काढले. राज्याच्या कारभाराचे सर्व अधिकार आता लष्करी गव्हर्नरांकडे आहेत, असे त्यात जाहीर केले होते. लष्करी गव्हर्नर म्हणजे अर्थातच चौधरी. म्हणजे पाहा, जिंकलेल्या फौजेचा सेनापती हरलेल्या राजाच्या फर्मानाच्या आधाराने राज्य करू लागला! हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, त्याला कारण होते. भारत सरकारने हे युद्ध म्हणून पुकारले नव्हते. ती ‘पोलीस कारवाई’ होती. हैदराबादची तक्रार त्या वेळी राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढे पडली होती. राज्य खालसा केले असे दिसू द्यायचे नव्हते. म्हणून निजाम गादीवर राहिला, त्याची मोहोर राहिली, आणि त्या मोहोरेच्या मागे चौधरी यांचा हात आला. त्यांच्या जोडीला दत्तात्रय बखले हे आय. सी. एस. अधिकारी मुख्य मुलकी प्रशासक म्हणून आले.

या सरकारजवळ अमेरिकेच्या काँग्रेसला नसलेले सर्व काही होते: फौज होती, तिजोरी होती, करोडगिरीचे नाके होते. नव्हती ती फक्त एक गोष्ट. या सरकारला कोणी निवडून दिले नव्हते, आणि त्याला प्रश्न विचारील अशी सभाही नव्हती. ज्या स्टेट काँग्रेसने लढा दिला होता तिलाही कारभारात जागा नव्हती, आणि यावरून तिच्यात व लष्करी सरकारात खटके उडत राहिले.

रोजचा कारभार कसा चालला, हे समजून घ्यायचे तर जुने दप्तर डोळ्यांपुढे आणावे लागते. सारे कागद उर्दूत. वर्ष फसली, महिने आझूर, दै, बहमन असे. जिल्ह्याच्या प्रमुखाला अव्वल तालुकदार म्हणत; त्या जागेवर आता कलेक्टर आला. तहसीलदार, गिरदावर, पटवारी, माली पाटील ही उतरंड मात्र तीच राहिली. वरच्या जागांवर मुंबई, मद्रास, मध्यप्रांत येथून अधिकारी आणले गेले. अनेकांना उर्दू वाचता येत नव्हते, तेव्हा जुन्या पेशकाराने वाचून दाखवावे आणि साहेबाने सही करावी. राज्य बदलले पण कागद वाचणारा तोच राहिला. खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने हा फरक केवढासा असणार? बाजारात हाली सिक्का चालू होता तो पुढेही काही वर्षे चालू राहिला. सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये, हा हिशोब आपल्या आज्यांना तोंडपाठ होता. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने लातूरहून बार्शीकडे निघालेला माणूस, देश एक झाल्यावरही, एका नाण्याच्या मुलखातून दुसऱ्या नाण्याच्या मुलखात जात होता. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या होड्या मला येथे आठवतात.

या सरकारने केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे जहागिरी रद्द करणे. निजामाच्या राज्यातील साधारण साठ टक्के जमीन दिवाणी म्हणजे सरकारी साऱ्याची होती, तीस टक्क्यांच्या आसपास जहागिरीत आणि उरलेली दहा टक्के सर्फेखास, म्हणजे खुद्द निजामाच्या खाजगीकडे. पायगा आणि मोठ्या जहागिरींत तर पोलीस आणि न्यायकचेऱ्याही जहागीरदाराच्याच असत. त्या काळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गुंजोटी, लोहारा हे भाग पायगेचे होते. शेजारच्या दोन गावांपैकी एकाचा सारा सरकारात जायचा, दुसऱ्याचा नबाबाकडे, आणि दाद मागण्याची कचेरीही वेगळी. १९४९ च्या फेब्रुवारीत सर्फेखास दिवाणीत विलीन झाले. त्याबद्दल निजामाला वर्षाला पंचवीस लाख रुपये द्यायचे ठरले. मग जहागिरींची पाळी आली.

येथे कायद्याचा प्रश्न उभा राहिला. १९ सप्टेंबरच्या फर्मानाने ‘कारभाराचे’ अधिकार दिले होते. कायदे करण्याचे दिले होते काय? म्हणून ७ ऑगस्ट १९४९ रोजी निजामाकडून दुसरे फर्मान आले: त्या अधिकारांत कायदे करण्याचा अधिकारही येतो, आणि आधीपासूनच येत होता. त्यानंतर आठच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९४९ रोजी, जहागिरी रद्द करणारे रेग्युलेशन निघाले. कागदावर त्याचे साल १३५८ फसली. शेकडो वर्षांची ती व्यवस्था एका हुकुमाने संपली. ना चर्चा, ना मतदान.

जहागीरदार अर्थातच कोर्टात गेले. लष्करी गव्हर्नराला असा कायदा करण्याचा अधिकारच नव्हता, हा त्यांचा मुख्य मुद्दा. सुप्रीम कोर्टाने १९६० मध्ये तो फेटाळला. निजाम हा सर्वाधिकारी राजा होता, त्याने आपला अधिकार गव्हर्नराला दिला, म्हणून गव्हर्नराने केलेला कायदा पक्का, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे निजामाचे सरंजामी राज्य मोडणारा कायदा टिकला तो निजामाच्याच अनियंत्रित सत्तेच्या बळावर. मला विचाराल तर जहागिरी गेल्या हे उत्तमच झाले. त्याबद्दल रडणारी मी नव्हे. पण ज्या अधिकाराने चांगला हुकूम निघतो, त्याच अधिकाराने वाईटही निघू शकतो, आणि तो निघाला तर विचारणारे कोणी नसते, ही गोष्ट विसरता येत नाही.

आणि विचारणारे कोणी नव्हते म्हणून काय झाले, तेही लिहिले पाहिजे. स्मरणिकेसारख्या आनंदाच्या अंकात हा मजकूर असावा की नसावा याचा मी बराच विचार केला. शेवटी, इतिहास म्हणून लिहायला बसल्यावर अर्धाच लिहिणे बरे नव्हे, असे ठरविले. पोलीस कारवाईच्या दिवसांत आणि त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात राज्यभर हिंडली. सर्वांत अधिक झळ लागलेले म्हणून तिने चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. यात आपण सगळ्या आलो. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदरमध्ये. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ चा. मृतांचा आकडा कमीत कमी धरूनही सत्तावीस ते चाळीस हजार, असा समितीचा अंदाज होता. काही ठिकाणी फौजेने लोकांना वाचविले, काही ठिकाणी फौजेतले आणि पोलिसांतले लोकच त्यात सामील होते, असे तिने लिहिले. एका ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान सोबती विणकरांना मोठी किंमत देऊन वाचविल्याचेही त्यात आहे.

हा अहवाल दिल्लीला गेला आणि तेथेच राहिला. तो सर्वांना वाचायला मिळाला २०१३ मध्ये, पासष्ट वर्षांनी. ज्या बायका तेव्हा विधवा झाल्या त्यांपैकी फार थोड्या तोवर हयात असतील. रझाकारांनी मारलेल्या माणसांच्या विधवा आणि नंतरच्या दंगलींतल्या विधवा एकाच तालुक्यात, कधी एकाच गावात राहिल्या. विधानसभा असती तर हत्या टळल्या असत्या असे मी म्हणणार नाही. ते कोणालाच म्हणता येणार नाही. पण एखाद्या सभासदाने उभे राहून विचारले असते, की अहवाल कोठे आहे? त्या वेळी उभे राहायला सभागृहच नव्हते.

इकडे दिल्लीत घटना तयार होत होती. तिच्यावर चर्चा करणाऱ्या सभेत हैदराबादचा एकही प्रतिनिधी बसला नव्हता. दीड कोटीहून अधिक लोकांचे राज्य, पण त्यांच्या वतीने तेथे कोणी बोलले नाही. अमेरिकेत घटनेवर सह्या झाल्यावर ती एकेका राज्याच्या अधिवेशनापुढे गेली, महिनोन् महिने वादविवाद झाले, आणि नवव्या राज्याने १७८८ च्या जूनमध्ये मान्यता दिल्यावर ती अमलात येण्याजोगी झाली. आपल्याकडे २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने आणखी एक फर्मान काढून भारताची घटना हैदराबादला लागू राहील असे जाहीर केले. तीन दिवसांनी घटना समितीने ती स्वीकारली. ‘आम्ही भारताचे लोक’ हे शब्द आपल्या दारी आले ते असे, फर्मानाच्या लखोट्यातून.

१ डिसेंबर १९४९ ला चौधरींच्या जागी एम. के. वेल्लोडी हे आय. सी. एस. अधिकारी आले. त्यांनाही अधिकार मिळाले ते त्याच दिवशीच्या फर्मानाने! २६ जानेवारी १९५० पासून निजाम राजप्रमुख झाले, वेल्लोडी मुख्यमंत्री. मुख्यमंत्री म्हटले तरी ते निवडून आलेले नव्हते. जूनमध्ये चार काँग्रेसजन मंत्रिमंडळात घेतले गेले: बुर्गुल रामकृष्णराव, विनायकराव विद्यालंकार, व्ही. बी. राजू आणि उस्मानाबादकडचे फुलचंद गांधी. तेही नेमलेलेच. त्याच १९५० साली कुळकायदा झाला.

पण २६ जानेवारीनंतर एक गोष्ट बदलली होती, आणि ती दोन बायकांच्या एका खटल्यात स्पष्ट दिसली. हैदराबादच्या पायगा घराण्यातले नबाब वलिउद्दौला १९३५ मध्ये वारले. आपण त्यांच्या विवाहित बायका आहोत आणि मुलांसह वारस आहोत असे दोन बेगमांचे म्हणणे होते. घरातल्या इतरांना ते मान्य नव्हते. वर्षानुवर्षे चौकश्या झाल्या, एका फर्मानाने एक निघावे आणि दुसऱ्याने ते फिरावे असे चालले. १९५० मध्ये हैदराबाद सरकारने थेट एक कायदाच केला: ‘वलिउद्दौला वारसा कायदा’. त्याने त्या दोघींचे आणि त्यांच्या मुलांचे दावे फेटाळले आणि कोर्टात जाण्याची वाटही बंद केली. एका राज्याने दोन बायकांवर कायदा करावा! निजामशाहीत ही गोष्ट नेहमीची होती. फर्मानाने एखाद्याचे नशीब लिहिले जाई आणि विषय संपे. या वेळी मात्र त्या दोघी घटनेच्या चौदाव्या कलमाकडे बोट दाखवून उभ्या राहिल्या. १९५२ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की देशातील प्रत्येक बाईला वारसाहक्कासाठी कोर्टाचे दार उघडे असताना ते या दोघींपुरतेच बंद करणे समानतेला धरून नाही, कायदा रद्द. मूळ वारशाचा वाद पुढेही चालला आणि १९५५ मध्ये पुन्हा सुप्रीम कोर्टापुढे आला. वादात कोणाची बाजू खरी, हा प्रश्न निराळा. सरकारच्या हुकुमाला अडवणारे काहीतरी या मुलखात प्रथमच आले होते.

मतदान मधल्या काळात झाले. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपल्या भागातील स्त्रियांनी आयुष्यात प्रथमच मत दिले. मिळकत असो नसो, अक्षर येवो न येवो. मतदारयाद्या करताना देशात सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावे गाळावी लागली, कारण त्यांनी आपले नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले. हे मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत घडले. पण स्वतःचे नाव परक्या माणसाला सांगणे ही बाब तेव्हा केवढी होती, ते आपल्याकडच्या थोरल्या पिढीलाही समजले असते.

हैदराबादच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. काँग्रेसला ९३ मिळाल्या. समोर कम्युनिस्टांची आघाडी, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष असे बाके भरलेले. सभासद उर्दू, हिंदी, मराठी, तेलुगू अशा ज्याच्या त्याच्या भाषेत बोलत. ६ मार्च १९५२ ला बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले आणि गृहखाते आले दिगंबरराव बिंदूंकडे. चार वर्षांपूर्वी ज्यांच्या कृती समितीला पोलीस शोधत होते, त्यांच्याच हाती आता पोलीस होते.

त्याच सप्टेंबरात हैदराबाद शहरात मुलकी-गैरमुलकीचे आंदोलन पेटले. बाहेरून आणलेल्या नोकरवर्गाबद्दलचा राग १९४८ पासून साचत आला होता, तो आता रस्त्यावर आला. ३ आणि ४ सप्टेंबरला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे मेली. लोकनियुक्त सरकार होते म्हणून गोळी सुटायची राहिली नाही. परंतु या वेळी सभागृह होते, विरोधी बाके होती, आणि हायकोर्टाचे न्यायमूर्ती पिंगळी जगन्मोहन रेड्डी यांची चौकशी त्या गोळीबारावर बसली.